सोंग उतरवलेली माणसं

पाच वर्षं दरमहा पैसे भरलेल्या एका परदेशी खेळाची वर्गणी माझ्या पुतण्याने बंद केली ती मारेगावात, आमच्या ओसरीवर बसून. २०१३ ची दिवाळी. नोकरी पुण्याला, सुट्टीपुरता घरी आलेला. लॅपटॉपला डोंगल लावलेलं आणि बाजूला पहिल्या वेच्याच्या कापसाचा ढीग. वर्गणी बंद करायला गेला तर पडद्यावर प्रश्न आला : का सोडता? खाली पाच-सहा कारणं दिलेली. महाग पडतं, वेळ मिळत नाही, तांत्रिक अडचण आहे, कंटाळा आला, असली. जरा घुटमळून त्याने ‘वेळ मिळत नाही’ निवडलं. मी विचारलं, ‘‘खरंच वेळ नाही का रे?’’ तर म्हणाला, ‘‘वेळ हाय ना काका. पण तिथं आता कोणी राह्यलंच नाही.’’

हे कारण त्या यादीत नव्हतं.

‘कोणी राह्यलं नाही’ हे हिशेबाने तर साफ खोटं होतं. तो जो खेळ सोडत होता, त्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे त्या दिवाळीत जगभरात सुमारे ७६ लाख वर्गणीदार होते. नोव्हेंबर २००४ मध्ये हा खेळ सुरू झाला, ऑक्टोबर २०१० मध्ये त्याने १ कोटी २० लाखांचा आकडा गाठला, आणि तिथून उतरण लागली. तरी ७६ लाख म्हणजे ओसाड गाव नव्हे. म्हणून ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. जिथे ७६ लाख माणसं आहेत तिथे कोणीच राहिलं नाही असं एखाद्याला वाटतं, तेव्हा नेमकं काय गेलेलं असतं?

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. या खेळांना आपल्याकडे धड नाव नाही. मला विचाराल तर ते सोंगाचे खेळ आहेत. तुम्ही एक सोंग घ्यायचं, योद्ध्याचं, वैद्याचं किंवा जादूगाराचं. ते घेऊन एका अफाट प्रदेशात शिरायचं. तिथे हजारो माणसं आपापली सोंगं घेऊन एकाच वेळी वावरत असतात. तुम्ही झोपलात तरी तो प्रदेश चालूच राहतो. याचा पूर्वज ‘मड’ इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचला, तेव्हा त्यात चित्रं नव्हती, नुसते शब्द होते. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाईन’ आला, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’, आणि मासिक वर्गणीचा धंदा रुजला. आमचा पठ्ठ्या ‘मार झेलणारा’ होता. म्हणजे राक्षसासमोर ढाल घेऊन उभं राहायचं, सगळे घाव आपल्या अंगावर घ्यायचे. मागे एक ‘बरं करणारा’ त्याला जिवंत ठेवतो, बाकीचे राक्षसाला मारतात. एकट्याने काही होत नाही, ही सगळ्या खेळाची मेख.

आता नेहमी सांगितली जाणारी कारणं आधी उरकून टाकू. खेळ जुना झाला, चित्रं शिळी दिसू लागली, नवे स्पर्धक आले, हातात फोन आले. यात खोटं काही नाही. पैशाचंही कारण आहे, आणि आपल्याकडे तर जरा जास्तच. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. या खेळाची वर्गणी सुरुवातीपासून महिना १५ डॉलर. कंपनीने ती वाढवली नाही, पण २००४ साली पंचेचाळीसच्या आसपास असलेला डॉलर २०१३ च्या दिवाळीत साठीच्या पुढे होता. पावणेसातशेची वर्गणी बसल्या जागी नऊशेवर गेली. तरीही पुतण्याने ‘महाग पडतं’ निवडलं नव्हतं. आणि ज्या देशांत डॉलर डॉलरच राहिला तिथेही माणसं सोडतच होती.

मला वाटतं, खरी गोष्ट दोन टोकांना घडते : नवा माणूस आत येताना, आणि जुना माणूस आत टिकताना.

आधी येणाऱ्याचं. अशा खेळात अनुभवाच्या पायऱ्या असतात. २००४ मध्ये या खेळात साठ पायऱ्या होत्या. जुन्यांना काहीतरी नवं हवं म्हणून दर दोनेक वर्षांनी एक मोठी भर येई आणि पायऱ्या वाढत. २००७ मध्ये सत्तर, पुढच्याच वर्षी ऐंशी, असं करत २०१८ मध्ये एकशेवीस. दर भरीला जुनी ढाल-तलवार कवडीमोल. पण नव्याने येणाऱ्याला पहिल्या पायरीपासूनच निघायचं. पूर्वी त्या खालच्या पायऱ्यांवर गर्दी असे, पुढे तिथे चिटपाखरू उरलं नाही. सगळं गाव सगळ्यात वरच्या पायरीवर राहायला गेलेलं. कंपनीलाही हे दिसत होतं. तिने मोबदला घेऊन थेट वरच्या पायरीवर नेऊन सोडायची सोय केली, आणि २०२० मध्ये तर सगळ्या पायऱ्याच दाबून पुन्हा साठ केल्या. १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा नाणी बदलली, गरीब गरीबच राहिला, तसंच हे. पायऱ्यांचे आकडे बदलले, पण जिन्यावरची रिकामी जागा भरली नाही. हा जिना जुन्यांना धरून ठेवण्यासाठीच बांधला होता, आणि नव्यांना अडवलं तेही त्यानेच.

टिकणाऱ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती मला आमच्या वावरांतून कळली.

माझ्या लहानपणी आमच्याकडे पेरणी-डवरणीला सावड असे. आज तुमच्या वावरात चार बैलजोड्या, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब मात्र पक्का : कोण वेळेवर येतो, कोण बैलांना जपतो, कोण जेवणापुरता उगवतो, सगळं सगळ्यांना ठाऊक. सावड कोणी भांडून मोडली नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला, एवढंच झालं. फोन केला की येतो, तासाचे पैसे घेतो, जातो. सोय इतकी उघड होती की नको म्हणायचं कोणाला सुचणारही नव्हतं. आणि मला सावडीचे उमाळे काढायचे नाहीत. ज्याच्याकडे बैलजोडी नव्हती त्याला सावडीत कोणी घेत नसे, ट्रॅक्टरवाला मात्र त्याच्याही वावरात येतो. फक्त एक झालं. शेजाऱ्याची गरज संपली, तशी त्याची खबरही राहीनाशी झाली.

पुतण्याच्या खेळात हा ट्रॅक्टर डिसेंबर २००९ मध्ये आला. तोवर पाच जणांची टोळी जमवायची तर त्या जगातल्या एखाद्या शहराच्या चौकात उभं राहून हाका माराव्या लागत : बरं करणारा कोणी आहे का? अर्धा-पाऊण तास जाई. पण जमलेली माणसं त्याच सर्व्हरवरची, उद्या पुन्हा भेटणारी. ज्याने काल लूट घेऊन पळ काढला त्याचं नाव आज चौकात बदनाम. मग एक बटण आलं. ते दाबलं की यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरांवरून चार अनोळखी माणसं गोळा करून देई, आणि तुम्हाला थेट गुहेच्या तोंडाशी नेऊन ठेवी. काम झालं की पांगापांग. ‘‘राम राम पण नाही करत काका कोणी,’’ पुतण्या म्हणे. मार झेलणारे कमी असल्याने त्याला तर बटण दाबताच टोळी मिळे, म्हणजे सोय सगळ्यात जास्त त्याचीच झाली होती. आणि तिथून त्याचं मन उडत गेलं.

इथे कोणी आकडा पुढे करील आणि ते योग्यच होईल. बटण २००९ चं, वर्गणीदारांचं शिखर २०१० चं. माणसं बटणामुळे गेली असतील तर मध्ये दहा महिने आकडा घसरला का नाही? माझं उत्तर एवढंच की सावडही ट्रॅक्टर आला त्या हंगामात मोडली नाही. ओळखीची पुंजी काही काळ पुरते. माणूस जुन्या दोस्तांसाठी टिकून राहतो; त्यांतला एक लग्न होऊन जातो, एकाला रात्रपाळी लागते, आणि गळलेल्याच्या जागी नवा जोडला जाण्याची वाटच बंद झालेली असते. मग एके दिवशी यादी रिकामी होते. २००४ साली वीस वर्षांचा असलेला पोरगा पुढे बापच होणार, त्याला इलाज नाही. पण पूर्वी एक गेला की चौकात दुसरा भेटे.

याचा अर्थ कंपनीने काहीच बदलू नये असाही नाही, आणि बदलांची धास्ती वाटावी असं एक उदाहरण आहेच. २००३ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’मध्ये तीसहून अधिक व्यवसाय होते. शिंपी होते, वैद्य होते, नाचणारे होते. लढून थकलेला योद्धा गुत्त्यात येऊन नाच पाही तेव्हाच त्याचा शीण जाई. म्हणजे नाचणाऱ्याची गरज खेळातच विणलेली होती. नव्या माणसाला हे किचकट वाटतं म्हणून नोव्हेंबर २००५ मध्ये मालकांनी तिसांचे नऊ केले. ज्यांनी दोन-अडीच वर्षं सुईदोरा चालवला होता त्यांना सकाळी उठून कळलं की आपला धंदाच उरला नाही. ते गेले, आणि ज्यांच्यासाठी केलं ते आले नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये तो प्रदेश कायमचा बंद झाला. थोडक्यात, जुन्यांसाठी जिना वाढवा तर नवे येत नाहीत, नव्यांसाठी घर पाडा तर जुने राहत नाहीत.

तरी काही खेळ टिकलेत, आणि त्यांच्याकडे पाहिलं की माझा तर्क पक्का होतो. आइसलंडच्या कंपनीचा ‘ईव्ह ऑनलाईन’ मे २००३ पासून चालू आहे. त्यात कौशल्यं घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाढतात. आज आलेला माणूस वीस वर्षांपूर्वी आलेल्याला गाठणं कठीणच. तरी तिथे नव्याला पहिल्याच आठवड्यात काम मिळतं : स्वस्तातलं छोटं जहाज घेऊन शत्रूच्या मोठ्या जहाजाला पळू न देणं. भजनी मंडळात नवीन पोरगं पहिल्या रात्री टाळ घेऊन मागच्या रांगेत बसतं, खंजिरी त्याच्या हाती पुढे कधीतरी येते. पण टाळाशिवाय भजन उभं राहत नाही हे त्यालाही कळतं, पुढच्यालाही. ‘रुनस्केप’ने वेगळी वाट धरली. २०१३ मध्ये खेळाडूंचं मत घेऊन २००७ चं जुनं रूप पुन्हा मांडलं, आणि त्यात नवं काही घालायचं तर खेळाडूंचा कौल घ्यायचा ठरवला. सुरुवातीला अट पंच्याहत्तर टक्क्यांची. आमच्या ग्रामसभेत इतकं कशावरही जमणं मुश्कील.

मारेगावच्या बसस्थानकासमोर आता पोरं फोनवर खेळतात ते खेळ या जातीचे नाहीत. शंभर जण एका बेटावर उतरतात, अर्ध्या तासात एक उरतो, डाव संपला. ‘पबजी’वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो नाव बदलून परतला, वर्षभराने पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. मधल्या काळात पोरं दुसरं काहीतरी खेळली आणि आल्यावर परत वळली. कोणी सुतकात बसलं नाही. जिथे घर केलेलं नसतं तिथून उठताना काही मागे राहत नाही.

मला मात्र वर्गणीच्या खेळाशी खरा फरक दिसतो तो कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे पाड्यांवर. आमच्या तालुक्यात असे कितीतरी पोड आहेत. दिवाळीच्या दिवसांत तिथे दंडार खेळतात. पुरुषच बाईचंही सोंग घेतात, एका पोडाची मंडळी दुसऱ्या पोडावर पाहुणी म्हणून जातात. सोंगाचाच खेळ, माणसांच्या गरजेवर उभा, आणि वर्षानुवर्षं जवळपास तोच. नवी भर नाही, वरची पायरी नाही. पोरं मजुरीला दूर जाऊ लागल्याने दंडारही पूर्वीसारखी भरत नाही, हे खरंच आहे. पण तिच्याकडे एक गोष्ट आहे जी वर्गणीच्या खेळाकडे असूच शकत नाही : ती संपते. दिवाळी सरली की सोंग उतरतं, आणि गेलेल्याला परत यायला पुढच्या वर्षीचा मुहूर्त असतो. वर्गणीवाल्याला न संपणारा खेळ लागतो, कारण संपला की पुढच्या महिन्याचे पैसे कोण देणार? त्यामुळे तिथून निघणाऱ्याला निरोप मिळत नाही, आणि परतणाऱ्याला मुहूर्त.

मुहूर्त मिळाला की माणसं येतात, हे आकडेच सांगतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ची नवी भर आली आणि वर्गणीदार एक कोटीवर गेले. २०१५ च्या मार्चअखेर ७१ लाख, जूनअखेर ५६ लाख. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने जाहीर केलं की यापुढे हा आकडा सांगणार नाही. लोकांना यात घसरण दिसली. मला त्यात वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेचा आलेख दिसतो. जत्रेला रोज भरायची सक्ती केली, हा जत्रेचा दोष नव्हे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीने सुरुवातीच्या काळातलं जग पुन्हा उघडलं. साठ पायऱ्या, सगळे पहिलीवर, बटण नाही, चौकात हाका. पुतण्याला आता एक मुलगी होती. त्याने रजा टाकून वर्गणी भरली आणि महिनाभर मला फोनवर टोळ्यांच्या गोष्टी सांगत राहिला.

त्याच वर्गणीत त्याने २०१३ मध्ये सोडलेल्या जगातही जाता येत होतं. एका रात्री तो तिकडे डोकावला. त्यांच्या मंडळाची, म्हणजे कायमच्या टोळीची, यादी तशीच होती, प्रत्येक नावापुढे शेवटचं कधी येऊन गेला ते लिहिलेलं. पाच वर्षं. सहा वर्षं. सहा वर्षं. एका नावापुढे मात्र ‘चार तास’. तो यांचा बरं करणारा, कधी न भेटलेला पण पाच वर्षं ज्याच्या भरवशावर हा घाव झेलत उभा राहिला तो. याने निरोप टाकला आणि दुसऱ्या रात्री उत्तर आलं. बाबा आता खेळत नाहीत, त्यांचं खातं मी चालवतो. मी बारा वर्षांचा आहे.

मग त्या पोराने विचारलं, तुम्ही त्यांच्यात कोण होता?