हुकूम दुरून दिला म्हणजे दोष सुटतो काय?

वडीगोद्रीहून दक्षिणेस शहागडाकडे गेलें म्हणजे गोदावरी लागते. याच नदीच्या कांठीं राक्षसभुवन येथें १० ऑगस्ट १७६३ रोजीं माधवराव पेशवे व त्यांचे चुलते रघुनाथराव यांनीं निजामाच्या फौजेचा मोड केला. नदीस पूर होता. निजाम उत्तर तीरीं, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर दक्षिण तीरीं. मदत पोहोंचली नाहीं व दिवाण पडला. हेच चुलते-पुतणे आदल्याच वर्षीं एकमेकांशीं लढले होते, आणि तेव्हां निजाम चुलत्याच्या बाजूस होता.

पक्ष असे फिरत. रयतेचें दैव मात्र फिरत नसे. १७६३ सालीं निजामाच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें व पेशव्यांच्या फौजेनें निजामाचा मुलूख लुटला. फौजेमागें लमाणांचे तांडे बैलांवर धान्य घेऊन येत. पण तें विकत घ्यावें लागे. पगार थकला कीं शिपायाची नजर कुणब्याच्या पेवाकडे जाई.

आतां प्रश्न असा कीं, पेव उपसल्याचा दोष कोणाचा? सरदार म्हणेल, मी केवळ पत्र लिहविलें. कारकून म्हणेल, मी सांगितलें तें उतरलें. जासूद म्हणेल, मी थैली पोहोंचविली. आंत काय होतें तें मला ठाऊक नाहीं. शिपाई म्हणेल, मी हुकमाचा ताबेदार, आणि भुकेलाही होतों. याप्रमाणें दोष हातोहात जातां जातां नाहींसा होतो. परंतु पेव रिकामें तें रिकामेंच.

माझ्या मतें दोष वांटल्यानें कमी होत नाहीं. आणि ज्याला पुढची भूक आधीं दिसूं शकत होती, त्याच्यावर तो सर्वांत जड पडतो. १६७३-७४ च्या सुमारास शिवाजी महाराजांनीं चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांस पत्रानें बजाविलें कीं, पावसाळ्याची दाणावैरण जपून खर्च करा. ती आधींच संपली तर शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील, आणि लोकांस तुमच्यापेक्षां मोंगल बरे वाटतील. उलट पेंढाऱ्यांस पगारच नसे. लूट हेंच त्यांचें वेतन. ज्यानें त्यांस पदरीं बाळगिलें, त्यानें लुटीचा हुकूम न लिहितांच दिला. योहानानें शिपायांस आपल्या पगारांत तृप्त राहण्यास सांगितलें. त्यांत पगार देणाऱ्याचेंही कर्तव्य आलेंच.

बंधूंनो, आपणांपैकीं कोणी सरदार नाहीं. परंतु आपण सालगड्याचे पैसे थकवितों, आणि अडचणीच्या दिवशीं त्यानें खळ्यावरून पायलीभर ज्वारी नेली म्हणजे त्यास चोर म्हणतों. चोरी ती चोरीच. पण तिचा हुकूम कोणीं दिला, हें त्याला विचारण्यापूर्वीं आपल्या मनाला विचारावें.