कुंपणाबाहेरची कबर

मेलेल्या माणसाला कुंपणाची काय गरज, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येत नाही. मय्यत मातीत ठेवली, तीन मुठी माती टाकली, दुआ मागितली की माणसाचा हिशेब अल्लाहकडे गेला. कबरीवरून गुरे चालली म्हणून त्या हिशेबात काही कमी होत नाही. तरीही कब्रस्तानाची भिंत पडली की मोहल्ल्याला चैन पडत नाही.

2021 च्या जुलैत चिपळूणला महापूर आला. त्याच पावसात खाडीकाठच्या आमच्या गावातल्या कब्रस्तानाचा जुना गडगा चाळीसेक हात ढासळला. तो आमच्या पणजोबांनी घातलेला, म्हणून त्याची डागडुजी आमच्या घराने करायची, असा रिवाज. पुढच्या मे महिन्यात मुंबईची मंडळी सुट्टीला आली आणि काम काढले. अब्बा आणि मोठे चाचा वाडीच्या वाटणीवरून सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. पण सत्तरीतल्या माणसाला जांभ्याचा चिरा एकट्याने उचलत नाही. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच चिऱ्याच्या दोन बाजूंना होते. 'जरा उजवीकडे', 'सोड आता' एवढेच बोलणे, पण बोलणे झाले. बायका भाकरी घेऊन बांधापर्यंत येत आणि दुरून हे पाहत.

आपल्या धर्माने कबरीचे स्तोम माजवू दिलेले नाही. कबर चुनेगच्ची करू नये, तिच्यावर इमारत उभारू नये, तसेच तिच्यावर बसू नये, अशी प्रेषितांची शिकवण आहे. मेलेल्याची आरास नको आणि हेटाळणीही नको. कुंपणाचा अर्थ मी इतकाच समजत होतो : इथे जपून पाऊल टाका, एवढे जिवंतांना सांगणारी रेघ. ही रेघ माणसांची वाटणीही करते, हे तिसऱ्या दिवशी कळले.

ढासळलेल्या भागाबाहेर करवंदीची जाळी माजली होती. ती तोडताना पुतण्याची कोयती दगडावर आपटली. दोन उभे दगड, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. कबर होती, पण गडग्याच्या बाहेर, तीन हातांवर.

चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो."

ती आजोबांच्या चुलत भावाची कबर. त्याने मशिदीच्या जमिनीचा हिशेब भर जमातीत मागितला होता. जमातीने त्याला वाळीत टाकले. 1956 च्या सुमारास तो वारला, तेव्हा त्याला आत जागा मिळाली नाही. वाळीत टाकण्याच्या कागदावर आजोबांचीही सही होती. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात ती कबर खणली, तीही आजोबांनीच. जनाज्याला चार माणसे होती.

अशा बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने 1949 मध्येच कायदा केला होता. तो आमच्या गावाच्या कानांवरही आला नव्हता. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा नवा कायदा महाराष्ट्राने 2016 मध्ये केला. तोवर त्या कबरीवर साठ पावसाळे गेले होते.

आता प्रश्न असा उभा राहिला : गडगा जुन्या पायावर घालायचा, की तीन हात सरकवून ही कबर आत घ्यायची?

पुतणी म्हणाली, यात विचार कसला करायचा? आत घ्या. अब्बा म्हणाले, आपण दुरुस्ती करायला आलो आहोत, बापाचा न्याय करायला नाही. मला दोघांचेही पटत होते. वडीलधाऱ्यांची चूक त्यांच्या पश्चात दुरुस्त करणे सोपे असते. त्यात आपले काही जात नाही, उलट आपण त्यांच्यापेक्षा बरे असल्याचे समाधान मिळते. ज्याने भीतीपोटी सही केली आणि लाजेपोटी रात्री कबर खणली, त्या माणसाच्या जागी मी काय केले असते? मी सही केली असती. कबर खणली असती की नाही, याची खात्री नाही.

पण दुसरी गोष्टही आठवली. प्रेषितांच्या मशिदीत झाडलोट करणारे एक माणूस वारले. साधे माणूस, म्हणून लोकांनी त्यांना न कळवताच दफन उरकले. प्रेषितांना समजले तेव्हा त्यांनी कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन नमाज अदा केली. उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही, असे मला यातून दिसते.

आणि हा हक्क अल्लाहचा नव्हे, बंद्याचा. माणसाचा अपराध माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्याने माफ करायचे तो मातीत. मग त्याच्या माणसांकडे तरी जायला हवे. त्याची नात मुंब्र्यात असते, असे कळले. अब्बांनीच फोन केला. सगळे सांगितले, आजोबांच्या सहीसकट.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भिंत सरकवा, बरे वाटेल. पण एक सांगा. आज गावात कोणाला वाळीत टाकले आहे का?"

अब्बांनी "नाही" म्हणायला तोंड उघडले आणि थांबले. मोहल्ल्याच्या टोकाला एक घर आहे. त्यांच्या मुलीने धर्माबाहेर लग्न केले. कोणी ठराव केला नाही, कोणाची सही नाही. एवढेच, की आठ वर्षांत आमच्यापैकी कोणी त्या घरी गेलेले नाही. शादीची दावत जात नाही, ईदचा शिरखुर्मा जात नाही. कायद्याला सापडेल असे काहीच नाही. उद्या त्या घरात मय्यत झाली तर खांदा द्यायला किती जण जातील, हे मात्र आम्हाला सर्वांना ठाऊक आहे.

गडगा आम्ही सरकवला. त्या जागी तो थोडा बाहेर फुगलेला दिसतो. नवखा माणूस विचारतो, गवंडी चुकला का? आम्ही कारण सांगतो. शेवटचा चिरा बसल्यावर सगळ्यांनी फातेहा दिली. अब्बा आणि चाचा एकत्र घरी आले.

त्यानंतरच्या ईदला चाचा काठी टेकत त्या टोकाच्या घरी गेले, एकटेच. अर्धा तास बसले. परतताना आमच्या दारावरून गेले, पण काही म्हणाले नाहीत. मी ओटीवर होतो. माझ्या हातात शिरखुर्म्याची वाटी होती.