गोलखांबाला बांधलेला मोबाइल

हौशी गोलरक्षकानं स्वतःच्या खेळाचं चित्रण करावं का, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला की हसूच येतं. ज्याला खेळायचे पैसे मिळत नाहीत, ज्याच्या सामन्याला कडेला मोजकी माणसं आणि चार बकऱ्या असतात, त्यानं खांबाला मोबाइल बांधायचा तो कुणासाठी? पण चंद्रपूर-गडचिरोलीकडं हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. धान निघालं की बांध्या मोकळ्या होतात, मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात आणि गावोगाव स्पर्धा लागतात. राज्य कबड्डीचं, व्हॉलीबॉलचं आणि टेनिस बॉल क्रिकेटचं. तरी कोळसा खाणींच्या वसाहतींत आणि मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली गावांत फुटबॉललाही मानणारे लोक आहेत. फक्कीच्या रेषा, बांबूचे खांब, जाळी असली तर असली. त्या खांबाला एखादा गोलकी रबरानं मोबाइल आवळतो, आणि बाकीचे पोट्टे ओरडतात, ‘‘हिरो बनून राहिला का बे?’’

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्यानं मोबाइल बांधावा. मैदानावरच्या इतर कुणाहीपेक्षा त्याला त्याची गरज जास्त आहे. मात्र ते चित्रण त्यानं कशासाठी करावं, याबद्दल माझं म्हणणं आजच्या रिवाजाच्या अगदी उलट आहे.

गोलरक्षकाचा हिशेब मुळातच वाकडा असतो. आघाडीच्या खेळाडूनं दहा संधींतली एक साधली तर त्याची मिरवणूक निघते. गोलरक्षकानं दहातले नऊ चेंडू अडवले तर उरलेल्या एकाबद्दल गाव बोलतं. गुणफलकावर अडवलेल्या चेंडूंची नोंद नसते, सुटलेल्यांची असते. त्यामुळं त्याच्या खेळाचा जो काही पुरावा मागं उरतो, तो त्याच्या विरोधातलाच असतो.

याचं आपल्याकडचं सर्वांत कडू उदाहरण म्हणजे मीर रंजन नेगी. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हॉकीचा अंतिम सामना भारत पाकिस्तानकडून 1-7 असा हरला. इंदिरा गांधी मैदानात होत्या. देशात रंगीत दूरदर्शन त्याच वर्षी आलं होतं. ज्यांच्या घरी संच होता आणि जे शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीनं बसले होते, त्या सगळ्यांनी सात वेळा चेंडू नेगींच्या मागं जाताना पाहिला. मधल्या फळीत काय फाटलं होतं, बचावपटू कुठं उभे होते, नेगी किती वेळा एकटे पुढं येऊन भिडले, हे त्या चित्रात असूनही कुणी पाहिलं नाही. देश विकल्याचा आरोप एका माणसावर आला. पुढं 1998 मध्ये बँकॉकला भारतानं 32 वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक नेगीच होते. मुंबईत कस्टम्सच्या नोकरीत असलेल्या याच माणसानं 2007 च्या ‘चक दे! इंडिया’मधल्या मुलींना हॉकी शिकवली. पण मधली सोळा वर्षं त्यांना त्या सात दृश्यांसोबत काढावी लागली. ती दृश्यं घेणारा कॅमेरा त्यांचा नव्हता, कुठला क्षण दाखवायचा हे ठरवणारेही ते नव्हते.

याच्या आधीच्या पिढीत शंकर लक्ष्मण होऊन गेले. महूचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत ते भारताच्या गोलपुढं उभे होते. 1964 ला टोकियोत पाकिस्तानविरुद्ध 1-0 असा विजय मिळाला त्यात एक गोल मोहिंदर लालचा होता आणि उरलेला सामना बराचसा लक्ष्मण यांचा. पण त्यांनी जे अडवलं ते बहुतेकांपर्यंत पोचलं ते पाहणाऱ्यांच्या शब्दांतून. म्हणजे ज्याचं अपयश चित्रित झालं तो बदनाम झाला, आणि ज्याचं यश फारसं चित्रित झालं नाही तो विस्मरणात गेला. अशा खेळाडूनं आपला पुरावा आपण ठेवावा असं म्हटलं, तर त्यात आत्मप्रौढी कुठं आली?

पण पुरावा जगासाठी नको, स्वतःसाठी हवा. गोलरक्षक हा मैदानावरचा एकमेव खेळाडू असा, की ज्याला जे राखायचं ते दिसत नाही. ते त्याच्या पाठीमागं असतं. डावा खांब किती दूर आहे, आपण मधोमध आहोत की हातभर सरकलो आहोत, हे तो अंदाजानं ठरवतो. वर त्याची स्मरणशक्तीही सुटलेल्या चेंडूंनीच भरलेली. सामन्यानंतर विचारा, तो सांगेल, ‘उडी कमी पडली.’ मागून घेतलेलं चित्रण पाहिलं तर बहुधा दिसतं की उडीचा दोष नव्हताच. चेंडू मारण्याआधी तीन सेकंद त्याचे पाय चुकीच्या जागी होते. ही गोष्ट त्याला प्रशिक्षक सांगू शकला असता. पण अहेरी-एटापल्लीकडच्या पोराला गोलरक्षणाचा प्रशिक्षक कुठून मिळणार? तिथं मोबाइल हाच प्रशिक्षक.

आइस हॉकीच्या हौशी गोलरक्षकांनी हे केव्हाच ओळखलं. (चंद्रपुरात पारा 46 च्या वर जातो; तिथं बसून बर्फावरच्या खेळाबद्दल लिहिताना मलाही गंमत वाटते.) कॅनडात नोकरदार माणसं रात्री उशिरा, बर्फाचं मैदान स्वस्तात मिळेल त्या वेळी खेळतात. गोलरक्षक इतके दुर्मीळ, की हौशी संघ एका रात्रीपुरता गोलरक्षक पैसे देऊन आणतात. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोल, साधारण 170 ग्रॅमची कडक रबरी चकती, आणि समोर पायांचं जंगल. चकती दिसली तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून सगळं गणित आधी कुठं उभं राहिलो यावर. त्यांच्यातले काही जण जाळीमागं किंवा शिरस्त्राणावर छोटा कॅमेरा लावतात. या मंडळींचीही थट्टा होतेच. पण गोलरक्षकानं नवं काही केलं की थट्टा व्हायची रीत जुनी आहे. 1 नोव्हेंबर 1959 ला मॉन्ट्रियलच्या जाक प्लांतच्या तोंडावर चकती बसली, टाके पडले, आणि मुखवटा घातल्याशिवाय परत उतरणार नाही असं तो अडून बसला. त्याच्या प्रशिक्षकाला मुखवटा नापसंत होता. तोंड झाकणाऱ्याच्या धैर्याबद्दल तेव्हा शंका घेतली जाई. आज मुखवट्याविना कुणी उभा राहिला तर त्याला वेड्यात काढतील.

इथवर माझी बाजू चित्रणाची. आता तिची दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते.

2007 मध्ये संशोधक मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी वरच्या दर्जाच्या फुटबॉलमधल्या 286 पेनल्टी तपासल्या. जवळपास 29 टक्के फटके गोलच्या मध्यभागी आले होते. गोलरक्षक मध्ये थांबले ते फक्त 6 टक्क्यांच्या आसपास. जे थांबले त्यांनी तीनातला एक फटका अडवला. डावी-उजवीकडं झेपावणाऱ्यांचं यश 14 आणि 13 टक्क्यांच्या घरात. मग ते झेपावतात कशाला? संशोधकांचं उत्तर सरळ होतं: उडी मारून गोल झाला तर ‘प्रयत्न तरी केला’ म्हणतात, उभं राहून झाला तर ‘बघत बसला’ म्हणतात. उभं राहणं लाजिरवाणं वाटतं.

हा निष्कर्ष कोट्यवधी रुपयांच्या खेळातल्या माणसांबद्दलचा आहे. आता त्यात मोबाइल आणि तीस सेकंदांची रील घाला. तीस सेकंदांत काय मावतं? झेप, पंजा, धूळ, वर वाजणारं गाणं. योग्य जागी उभं राहून पोटाशी शांतपणे धरलेला चेंडू रीलमध्ये कुणी टाकत नाही, कारण तो सोपा दिसतो. तो सोपा झाला हीच गोलरक्षकाची कमाई आहे, हे रील सांगू शकत नाही. मग पोरगा नकळत शिकतो की उशिरा हललं तर झेप सुंदर दिसते. कॅमेऱ्यानं त्याला सुधारायचं, तर कॅमेराच त्याला बिघडवतो. हे मी मैदानांवर पाहतो आहे, आणि त्याची मला चीड आहे.

कॅमेरा कसा वापरावा हे या जिल्ह्यांना खरं तर शिकवायला नको. ताडोबाच्या जंगलात वाघ मोजायला कॅमेरे लावतात ते समोरासमोर, जोडीनं. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे. एकाच बाजूचं चित्र घेतलं तर एक वाघ दोनदा मोजला जाईल. आणि दुसरी गोष्ट: 2018-19 च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले, सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रं मिळाली, त्यांत वाघांची होती 76,651. बाकी हरणं, गुरं, माणसं, वाऱ्यानं हललेलं गवत. वाघ दिसला नाही ती रात्रसुद्धा हिशेबात धरली जाते. वाघ कुठं नाही, हेही त्या रिकाम्या चित्रांतूनच कळतं. निव्वळ वाघांचा अल्बम करून जंगलाचा अभ्यास होत नसतो.

गोलरक्षकाचं चित्रणही असंच पाहायला हवं. एका सामन्यात त्याच्याकडं गंभीर फटके येतात किती? बोटांवर मोजण्याइतके. उरलेला सगळा वेळ चेंडू दुसऱ्या टोकाला असतो, आणि गोलरक्षकाचा खरा खेळ त्याच वेळात चाललेला असतो. तो पुढं सरकतो का, बचावपटूंना ओरडून जागा सांगतो का, चेंडूच्या बाजूनं अर्धं पाऊल टाकतो का, की कंबरेवर हात ठेवून शून्यात पाहतो? मागच्या खांबावरून घेतलेल्या अखंड चित्रणात हे सगळं येतं. ते कंटाळवाणं असतं. पहिल्यांदा पाहताना हात आपोआप पुढं ढकलायच्या खुणेकडं जातो. तो जो रोखेल तो शिकेल.

कुणी म्हणेल, दाखवण्यात काय वाईट आहे? आमचा मुलूख झाडीपट्टीचा. भाऊबीजेपासून होळीपर्यंत वडसा-देसाईगंजच्या कंपन्या रात्ररात्र नाटकं करतात, लोक गोधड्या घेऊन बसतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना त्या रंगभूमीसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. दाखवण्याची कला थोर आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. पण नट प्रेक्षकाच्या दिशेनं बोलतो आणि प्रेक्षक तिथंच त्याला उत्तर देतो: टाळी, शिट्टी, कधी शिवी. गोलरक्षकाचं काम चेंडूच्या दिशेनं असतं. त्यानं नजर प्रेक्षकाकडं वळवली की ना तो नट राहतो ना गोलकी. आपली पडझड दिसेल म्हणून जो आधीच चित्रण कापतो, त्याच्या हाती शेवटी नेगींवर अन्याय करणाऱ्या नजरेचीच दुसरी बाजू येते. तिनं फक्त गोल पाहिले, हा फक्त बचाव पाहतो. सामना दोघांनीही पाहिलेला नसतो.

आणखी एक प्रश्न आहे, आणि शहरातल्या लेखनात त्याला एखादी ओळ मिळते. इथं तो मोठा आहे. खांबावरचा मोबाइल एकट्या गोलरक्षकाला टिपत नाही. दोन्ही संघ, कडेची पोरं, पाणी घेऊन जाणाऱ्या बाया सगळे त्यात येतात. ज्या गावांनी चार दशकं नक्षलवादी आणि पोलिस अशा दोन बंदुकांच्या मध्ये काढली, तिथं कोण कुठल्या मैदानावर, कुणाच्या स्पर्धेत, कुणाशेजारी उभा होता, याला अर्थ चिकटत आला आहे. तो धोका आज ओसरला असेल, सवय ओसरलेली नाही. कॅमेऱ्याचा धाक जंगलालाही ठाऊक आहे. उत्तराखंडातल्या कॉर्बेट अभयारण्याच्या परिसरात वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांचा सरपण आणायला जाणाऱ्या बायांवर काय परिणाम होतो, हे केंब्रिजच्या एका संशोधकानं 2024 मध्ये मांडलं. आपण टिपले जातो आहोत हे कळल्यावर त्या बाया जंगलात मोठ्यानं बोलेनाशा, गाईनाशा झाल्या. आणि गाणं तर श्वापदाला लांब ठेवण्यासाठी होतं. आमच्या ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बायांना मोहफुलं वेचताना वाघाचा धोका काय असतो हे सांगायची गरज नाही. पाहिलं जाण्यानं माणूस बदलतो, आणि दर वेळी भल्यासाठी बदलतो असं नाही. समोरच्या संघातला जो पोरगा आज चुकून स्वतःच्याच गोलमध्ये चेंडू मारतो, त्यानं आपली ती चूक जिल्हाभर फिरावी याला संमती दिलेली नसते. तुमच्या शिकण्यासाठी तो चित्रात आला आहे, तुमच्या करमणुकीसाठी नाही.

म्हणून गोलरक्षक मित्रांना सांगणं एवढंच. मोबाइल गोलच्या मागं बांधा, दोन्ही खांब आणि तुमची पाठ चित्रात येईल असा. जमलं तर एखाद्या सामन्यात समोरूनही घ्या. सुरू करण्याआधी समोरच्या कर्णधाराला विचारा, आणि लहान मुलं खेळत असतील तर त्यांच्या घरच्यांना. कुणी नको म्हणालं तर मोबाइल खिशात ठेवा. चित्रण पूर्ण ठेवा, कापू नका. घरी पाहताना आवाज बंद करा आणि आधी तेच भाग पाहा ज्यांत चेंडू तुमच्यापाशी नाही. भामरागडकडं कुठं नेटवर्क मिळालं नाही म्हणून ते फोनमध्येच पडून राहिलं, तर त्यात तुमचं काहीही नुकसान नाही.