खेळणाऱ्याची मजुरी

'खेळून कोणाचे पोट भरले आहे का?' हा प्रश्न आपल्या घरांतून इतक्या पिढ्या विचारला जात आला आहे की, त्याला प्रश्न म्हणावे की निकाल, असा संभ्रम पडावा. मोऱ्यासारख्या बंदरावरच्या गावात तर त्याला अधिकच धार येते. येथे पोट कसे भरते हे लहानथोर सर्वांना दिसते. कोणी मचव्यावर असतो, कोणी भाऊच्या धक्क्याच्या लाँचीवर, कोणी न्हावा-शेवा बंदरात, तर कोणी मुंबईतल्या कचेरीत. या हिशेबात चेंडूला लाथ मारणाऱ्याची जागा कोठे?

अलीकडे हवा पालटली. २००८ मध्ये क्रिकेटची आयपीएल आली, २०१४ मध्ये फुटबॉलची आयएसएल. खेळाडूंच्या बोलीचे आकडे घरोघरी पोहोचले, आणि त्याच घरांतून 'किती मिळतात?' असे विचारले जाऊ लागले. आम्हांला हे दोन्ही प्रश्न अपुरे वाटतात. माणूस आपले शरीर खेळासाठी विकू शकतो काय, आणि विकत घेणारा त्याच्या उरलेल्या आयुष्याचे काही देणे लागतो काय, हे त्यांच्या तळाशी असलेले खरे कोडे आहे.

त्यासाठी आपल्याच समाजातील एका नावापासून सुरुवात करू. मूळचे गोव्यातील आसगावचे नेव्हिल डिसोझा मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपान्त्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे होते. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यांचाच. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव आहे. भारत चौथा आला. त्याहून वरची पायरी आपल्या फुटबॉलला ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी गाठता आली नाही.

नियमाप्रमाणे हे सारे खेळाडू हौशी होते. खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत, अशी ऑलिंपिकची अट होती. आपल्याकडे यातून काढलेली वाट म्हणजे नोकरी. टाटांसारख्या कंपन्या, रेल्वे, पोलीस, लष्कर ही मंडळी खेळाडूला कामावर घेत आणि तो त्यांच्या नावाने खेळे. हे ढोंग होते असे म्हणणाऱ्यांशी आम्ही फार भांडणार नाही.

गंमत अशी की, त्याच ऑलिंपिकमध्ये मेलबर्नकरांनी आपला घरचा फुटबॉलही जगाला प्रदर्शनार्थ दाखविला. हा खेळ निराळाच आहे. चेंडू लांबट, मैदान क्रिकेटचे अंडाकृती, बाजूला अठरा खेळाडू, आणि प्रत्येक टोकाला चार खांब. १८५९ मध्ये त्याच शहरात त्याचे नियम लिहिले गेले. परंतु ज्यांना पाहायला दर शनिवारी सारे शहर लोटत असे, ते नामांकित खेळाडू त्या प्रदर्शनात उतरू शकले नाहीत, कारण ते खेळाचे पैसे घेत. पैसे तरी किती? १९३० मध्ये तेथील लीगने एका सामन्याला तीन पौंडांची कमाल मर्यादा घातली होती. आठवडाभर दुसरीकडे राबणाऱ्या माणसांची ही वरकमाई, आणि तेवढ्याने ते बाटले!

बिनपैशाच्या खेळाला अधिक पवित्र मानण्याची ही रीत मुळात ज्यांना मजुरी करावी लागत नसे, अशांनी घालून दिली. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या रग्बी क्लबांनी, खेळामुळे बुडालेली रोजी तरी कामगारांना भरून द्यावी, एवढाच आग्रह धरला. तो मान्य झाला नाही, आणि खेळाचे दोन तुकडे झाले. तांडेलाने मासळीचे दाम घेतल्याने त्याच्या कसबाला बट्टा लागत नाही. मग खेळाडूच्याच कसबाला का लागावा? मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे, हे आपण वेदीसमोर ऐकतो. तेव्हा 'विकू शकतो काय' याचे उत्तर, आमच्यापुरते, होय असे आहे.

दुसरा भाग मात्र इतका सोपा नाही. ऑस्ट्रेलियातील तो खेळ पुढे पूर्णवेळ धंदा झाला. १९८६ पासून तेथे क्लब नव्या मुलांची निवड आळीपाळीने करतात. अठरा वर्षांच्या मुलाला जो क्लब उचलेल त्या शहरी जावे लागते. या धंद्याची दोन टोके एकाच घराण्यात दिसतात. मायकेल टक हे हॉथॉर्न क्लबकडून ४२६ सामने खेळले आणि सात अजिंक्यपदांत सहभागी झाले. त्यांचा मुलगा शेन रिचमंडकडून १७३ सामने खेळला. जुलै २०२० मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो वारला. मृत्यूनंतरच्या तपासणीत, डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडला जाणारा सीटीई हा मेंदूचा विकार त्याला तीव्र स्वरूपात जडला होता, असे आढळले. फुटबॉल सोडल्यावर त्याने काही मुष्टियुद्धेही केली होती. म्हणून सगळा दोष एका खेळाच्या माथी मारता येणार नाही. पण या विकाराचे पक्के निदान जिवंतपणी होत नाही, ही गोष्ट विचार करायला लावते. सौदा करताना त्याची किंमत ना विकणाऱ्याला ठाऊक असते, ना घेणाऱ्याला.

'त्याने स्वखुशीने पत्करले' हे उत्तर येथे नेहमी पुढे येते. खलाशीही वादळ पत्करतोच की, असेही म्हणता येईल. परंतु समुद्राचे धोके खलाशाला बापाकडून, आजाकडून कळलेले असतात. अठराव्या वर्षी करारावर सही करणाऱ्याला डोक्यावरच्या पन्नासाव्या धडकेचे काय कळणार? माहितीवाचून दिलेल्या संमतीला संमती म्हणणे आम्हांला जड जाते. शिवाय खलाशाच्या झिजण्यावर कोणी टाळ्या वाजवीत नाही. खेळाडूचे झिजणे ही आपली करमणूक असते. तिकीट काढणारे, दूरदर्शनसंचापुढे बसणारे आपण सर्व त्या खरेदीत भागीदार आहोत. हे देणे केवळ क्लबचे आहे असे म्हणून आपल्याला हात झटकता यायचे नाहीत.

आपल्याकडे दुखापतीपूर्वीच दुसरा घाव बसतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीगविजेता संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. मालकांची कारणे असतील. पण विशी-पंचविशीतल्या ज्या पोराने शाळा अर्धी टाकून चेंडू धरला, त्याच्या हाती काय उरले? नेव्हिल यांच्या काळी निदान कचेरीत एक खुर्ची असे, आणि गुडघा गेला तरी ती जात नसे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती मालकाच्या मर्जीवर चाले, आणि मानाची वाटणीही सरळ नव्हती. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा फुटबॉलचा पहिला मान नेव्हिल यांचे मेलबर्नमधील सहकारी पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण पुढे १९८० मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी नेव्हिल वारले, तोवर त्यांच्या वाट्याला तो आला नाही. तरीही त्या खुर्चीमागची समजूत आज करार लिहिणाऱ्यांनी उचलण्याजोगी आहे, असे आम्हांला वाटते.

मोऱ्याच्या किंवा उरणच्या एखाद्या घरातला मुलगा उद्या क्लबचा कागद घेऊन आला, तर आईवडिलांनी रकमेच्या आकड्याखालचा मजकूरही वाचावा. उपचाराचा खर्च करार संपल्यावर कोण करणार? डोक्याला मार लागल्यास मैदानात परत पाठवायचे की नाही हे डॉक्टर ठरवणार की प्रशिक्षक? कॉलेजचे शिक्षण चालू ठेवायला सवड मिळणार का? संघच बंद झाला तर उरलेल्या वर्षांचा पगार कोणाकडे मागायचा? या प्रश्नांनी कोणी चिडले, तर तेही सही करण्यापूर्वी कळलेले बरे.