पिलाची आई कोठें आहे?

चार वर्षांपूर्वीं, धाकट्या मुलीच्या हट्टापायीं, आम्हीं ठाण्यास खोपट भागांतील एका गृहस्थाकडून कुत्र्याचें पिलूं विकत घेतलें. टोपलींत निजलेलें तें पिलूं पाहून घर हरखून गेलें. नवव्या दिवशीं रक्ताची हगवण लागून तें मेलें. पशुवैद्यांनीं एवढेंच विचारलें, "याची आई पाहिली होती काय?" पाहिली नव्हती, पाहावी असें मनांतहि आलें नव्हतें. विकणाराला दोष देण्यास आमची जीभ सरसावली होती, ती त्या प्रश्नानें जागच्या जागीं थांबली.

कुत्र्यांची पैदास करून विकणारांवर सरकारनें निर्बंध घालावे कीं नाहीं, याचा विचार आम्ही तेव्हांपासून करीत आहों. वस्तुतः निर्बंध आहेत. १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्याखालीं २०१७ सालीं झालेल्या नियमांप्रमाणें अशा व्यावसायिकानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. ८ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकतां येत नाहीं. कुत्री १८ महिन्यांची होण्यापूर्वीं व ८ वर्षांनंतर तिच्यापासून वेत घेतां येत नाहीं. आणि सबंध जन्मांत ५ हून अधिक वेतें घेतां येत नाहींत. नियम शहाणपणाचे आहेत. परंतु मूळ कायद्यांत क्रूरतेच्या पहिल्या अपराधास दंड आहे तो १० ते ५० रुपयांचा! ज्या पिलाचे हजारों रुपये येतात, त्याच्या धन्याला ही रक्कम भिववील हें संभवत नाहीं.

यावर तीन आक्षेप घेण्यांत येतात. पहिला, आपल्या मालकीच्या जनावराचें काय करावें हें मालकानें ठरवावें. पण कुत्री म्हणजे नांगर नव्हे. जनावराला तर्क करतां येतो कीं नाहीं हें न पाहतां त्याला वेदना होतात कीं नाहीं हें पाहावें, असें बेंथॅमनें १७८९ सालींच बजावलें आहे; आणि वेदना ही कोणाची खाजगी मालमत्ता होऊं शकत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, नोंदणीचा जाच लातूर-सोलापूरकडे पिढ्यान्‌पिढ्या कारवानी कुत्रीं सांभाळणाऱ्या गरिबांस होईल आणि बडे व्यापारी सुटतील. ही भीति खरी आहे; परंतु तिचें उत्तर नोंदणी सोपी व स्वस्त करणें हें होय, ती रद्द करणें हें नव्हे. तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. परवान्याची पाटी लागली कीं धंद्याला प्रतिष्ठा येते, आणि गिऱ्हाईक आपला विवेक त्या पाटीच्या खुंटीला टांगून मोकळें होतें.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञांत त्याच्या भावांनीं एका कुत्र्याच्या पिलास मारलें. तें रडत आईकडे गेलें. सरमा थेट यज्ञमंडपांत आली, आणि अपराध नसतां माझ्या मुलाला कां मारलें, असें तिनें विचारलें. राजकुळांतील कोणालाहि उत्तर देतां आलें नाहीं. तेव्हां तिनें शाप दिला. महाराजांच्या सत्रांत जिला निदान प्रश्न विचारतां आला, ती आई आजच्या बाजारांत कोठेंच दिसत नाहीं. टोपली पुढें येते, ती मागच्या खोलींतच राहते.

म्हणून नोंदणी हवी, आणि तिच्यापाठीमागें भारी दंड व अवचित तपासणी हवी. तिची खरी किंमत कागदांत नाहीं, मागच्या खोलीचें दार उघडण्यांत आहे. पण तें दार तपासनीस वर्षांतून एकदां ठोठावील. गिऱ्हाईक रोज ठोठावूं शकतें. आईला पाहिल्यावांचून पिलूं घ्यावयाचें नाहीं, एवढा नेम घेणारानें पाळला, तर ज्याला ती दाखवितां येत नाहीं त्याचा धंदा आपोआप बसेल. आम्हीं तो पाळला नाहीं. त्या पिलाच्या मृत्यूंत आमचाहि वांटा आहे, हें लिहून ठेवणें आम्हांस भाग आहे.