वैमानिक कुठून येतोय?

डेव्हिड वॉर्नर मैदानावर भल्याभल्या गोलंदाजांना ताटकळत ठेवायचा. 22 मार्च 2025 ला बेंगळुरूत ताटकळण्याची पाळी त्याच्यावर आली. शनिवारचा दिवस, शहरात जोराचा पाऊस, विमानतळाचं वेळापत्रक कोलमडलेलं. एअर इंडियाच्या विमानात प्रवाशांना बसवलं गेलं, पण वैमानिकांचाच पत्ता नव्हता. वैमानिक नाहीत हे ठाऊक असताना आम्हाला आत बसवलंच कशाला, असं त्यानं समाजमाध्यमावर चारचौघांत विचारलं. कंपनीनं दिलगिरी व्यक्त करून उत्तर दिलं की खराब हवामानामुळे सगळ्यांचीच विमानं रखडली आहेत आणि या विमानाचे वैमानिक आधीच्या कामगिरीत अडकले आहेत.

प्रश्न रास्त होता आणि उत्तरही. तरी त्या दोहोंची गाठ पडली नाही. प्रवासी ‘कशाला’ विचारत होता आणि कंपनी ‘कुठून’ सांगत होती, तेही विचारल्यावर.

आपण एसटीत वाढलेली माणसं. चालक येण्याआधी गाडीत चढणं, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं, यात आपल्याला कधी काही वावगं वाटलं नाही. पण तिथे चालक समोर दिसतो. तो टपरीवर चहा घेत असतो, नाहीतर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी उभा असतो. तो नुकताच लांबच्या मुक्कामाहून आलाय, त्याचे डोळे तारवटलेत, हेही दिसतं. ‘घेऊ दे बाबा चहा’ असं म्हणणारं कुणीतरी गाडीत असतंच. विमानतळावर काचेपलीकडे विमान दिसतं, ते चालवणारा दिसत नाही. मग ‘विमान तर उभं आहे, मग निघत का नाही?’ हा सवाल रांगेत एकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो.

निघत नाही, कारण विमान आणि वैमानिक यांची जोडी दिवसभर कायम नसते. एक विमान दिवसात चार-पाच फेऱ्या करतं, आणि ते दिल्लीहून आलं असलं तरी पुढची फेरी नेणारे वैमानिक कोचीहून यायचे असू शकतात. कोचीचं विमान पावसामुळे चेन्नईला वळलं, की बेंगळुरूत उभं असलेलं कोरडं ठणठणीत विमानही अडकतं. प्रवाशांना आधी बसवून ठेवण्यामागेही हिशेब असतो. पावणेदोनशे माणसं चढायला अर्धा तास जातो. वैमानिक पोचताच दार लावून निघता यावं, उड्डाणाच्या रांगेतली जागा जाऊ नये, म्हणून ही घाई. हिशेब जमला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फसला, की माणसं अरुंद खुर्चीत तासन्‌तास कोंडली जातात. अशांना परत टर्मिनलमध्ये आणता यावं म्हणून विमानतळ सुरक्षेच्या नियमांत बदल झाला तो मार्च 2024 अखेर. त्याआधी एकदा चढलेल्या प्रवाशाला मागे फिरवणं फार किचकट होतं.

आपली घालमेल खरी असते. पण तेवढ्याच वेळात दुसरीकडे एक घड्याळ चालू असतं, आणि त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. वैमानिकाची ड्यूटी विमान हवेत गेल्यावर नव्हे, तो कामावर हजर झाल्यापासून मोजली जाते. जमिनीवर धुकं निवळण्याची वाट पाहत बसलेला तासही त्यातूनच वजा होतो. मर्यादा भरली, की त्याला उतरावं लागतं. मग दुसरे वैमानिक शोधायचे, तेही नियमाप्रमाणे विश्रांती झालेले.

14 जानेवारी 2024 ला दिल्लीत असंच झालं. दाट धुक्यात गोव्याला जाणारं इंडिगोचं विमान कित्येक तास रखडलं. आधीच्या वैमानिकांची वेळ संपली, म्हणून नवे आले. त्यांच्यातला एक जण उशिराची घोषणा करत असताना एका प्रवाशानं धावत जाऊन त्याला ठोसा मारला. ज्याची वाट सगळे पाहत होते, जो अखेर आला होता, मार त्यालाच बसला. सकाळपासूनच्या खोळंब्याशी त्याचा काय संबंध? रागाला समोर कुणीतरी माणूस लागतो. धुकं समोर येत नाही, वेळापत्रक आखणारा येत नाही, गणवेशातला माणूस येतो.

वैमानिकांना किती थकवावं, याची सीमा आपल्याकडे अलीकडेच बदलली. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या ड्यूटीत उतरवायच्या विमानांची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. ते लागू झाले दोन टप्प्यांत, दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला. तयारीला इतका वेळ मिळूनही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची घडी विस्कटली. 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. बेंगळुरूच्या विमानतळावर माणसं सामानाला टेकून बसली होती. त्या दिवसांत ‘हे नवे नियम कुणी आणले?’ असंही ऐकू आलं. अखेर रात्रीच्या ड्यूटीचे काही नियम त्या कंपनीपुरते 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत शिथिल केले गेले. नियोजन कंपनीचं चुकलं आणि सवलत मागितली गेली ती वैमानिकांच्या झोपेतून.

अशा वेळी मला नागपूर आठवतं. 17 ऑगस्ट 2023 ला नागपूरहून पुण्याला विमान नेणारा चाळिशीचा वैमानिक बोर्डिंग गेटजवळच कोसळला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. त्याला आधी 27 तासांची विश्रांती मिळाली होती, असं कंपनीनं सांगितलं. मृत्यूचं खापर थकव्यावर फोडणं बरोबर नाही. पण प्रवासी जिथे उभे राहून ‘कधी’ विचारतात, त्याच गेटपर्यंत तो शरीरानं चालत आला होता, एवढं तरी ध्यानात ठेवावं. ज्याला आपण विमानाचा एक भाग समजतो, त्यालाही छाती असते आणि ती दगा देऊ शकते.

म्हणून गेटवर गप्प बसावं, असं मी म्हणणार नाही. प्रश्न जरूर विचारावा, पण बदलून विचारावा. ‘विमान कधी सुटणार?’ याचं खरं उत्तर काउंटरवरच्या मुलीकडे बहुधा नसतंच. म्हणून ती ‘अर्ध्या तासात’ म्हणते, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तेच. ‘वैमानिक कोणत्या फ्लाइटनं येतायत?’ असं विचारलं तर त्याला उत्तर असतं. ती फ्लाइट आत्ता कुठे आहे, हे आपल्या मोबाइलवरही दिसतं. ही माहिती कंपनीकडे पहिल्या मिनिटापासून असते. ती आपणहून सांगितली, तर लोक अर्ध्याहून अधिक निवळतात. वॉर्नरलाही आत बसवण्याआधी हे कुणी सांगितलं असतं, तर कदाचित तो बाहेरच कॉफी घेत थांबला असता.

कधी उत्तर मिळेल, ‘त्यांची ड्यूटी संपली, दुसरे बोलावलेत.’ पुण्याला घरी जेवण निवत असेल, लग्नाचा मुहूर्त टळत असेल, चीड येईलच. ती वेळापत्रक आखणाऱ्यांवर काढावी, लेखी तक्रार करावी, नियमानं मिळणारी भरपाई सोडू नये. उतरून गेलेल्या वैमानिकाला मात्र त्यातून वगळावं. आता मी उडवणार नाही, असं त्याला म्हणता यावं, याचेही पैसे आपल्या तिकिटात असतात.