मनाचे दुखणे सांगावे की गिळावे?

अंगात ताप भरला असता मनुष्य तो लपवीत नाही. घरची माणसे कपाळास हात लावून पाहतात, कोणी काढा करून देतो, कोणी डॉक्टरांकडे घेऊन जातो. आणि आजारी पडल्याबद्दल त्यास कोणी दोष देत नाही. परंतु दुखणे मनास जडले, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, कशातच गोडी वाटेनाशी झाली, म्हणजे तोच मनुष्य ते लपवू लागतो. आणि घरच्यांस कळले तर तेही लपवू लागतात. शरीराचे दुखणे सांगणे हा व्यवहार आणि मनाचे दुखणे सांगणे ही नामुष्की, हा भेद कोणत्या नीतीतून आला, याचा विचार सुज्ञ वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटते. शिक्षणासाठी घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींच्या संबंधात तर हा विचार आज विशेष अगत्याचा झाला आहे.

विद्यापीठाची पायरी आम्ही स्वतः चढलेलो नाही. शालेय शिक्षण आटोपून आम्ही देवळाच्या कामास लागलो. परंतु आमच्या बरोबरीचे कितीतरी मुलगे-मुली बेळगावहून पुणे, हुबळी, बंगळूर, हैदराबाद येथे शिकावयास गेले. त्यांतील अनेकांचे सारे शालेय शिक्षण मराठीत झालेले. तेथे व्याख्यान इंग्रजीत, बाजारातील बोली निराळी, खोलीतील सोबती अनोळखी. गावच्या शाळेत जो पहिल्या तिघांत गणला जात असे, तो तेथे साठांतील एक होतो. फीसाठी वडिलांनी कर्ज काढले आहे हे त्यास ठाऊक असते. म्हणून एखादा विषय राहिला तर तो घरी कळवीत नाही, आणि एकदा कळविले नाही म्हणजे पुढचे कळविणे अधिकच अवघड होऊन बसते. शिवाय वैद्यकशास्त्र सांगते की, बहुतेक मानसिक विकारांचा प्रारंभ वयाच्या पंचविशीच्या आतच होतो. म्हणजे ज्या वयात आपण मुलास प्रथमच एकटे पाठवितो, तेच वय या दुखण्यांचे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. यांतील कितीजणांनी घरी ‘मी बरा आहे’ एवढेच सांगितले असेल, हे मनात आले म्हणजे अंगावर काटा येतो.

आता या बाबतीत तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, खंबीर मनाचा मनुष्य आपले दुःख आपणच गिळतो. ते चारचौघांत मांडणे हा दुबळेपणा होय. असे म्हणणाऱ्यांनी गीतेचा आरंभ आठवावा. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच मुळी अर्जुनविषादयोग असे आहे. आपल्या काळचा तो अग्रगण्य धनुर्धर. परंतु त्याची गात्रे शिथिल होतात, तोंडास कोरड पडते, अंगास कंप सुटतो, हातातील धनुष्य गळते, आणि हे सारे तो आपल्या सख्यास उघडपणे सांगतो. त्या अध्यायाच्या उत्तरार्धात जवळजवळ सर्व वेळ अर्जुनच बोलतो आणि भगवंत ऐकून घेतात. यावर कोणी म्हणेल की, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी त्यास दुर्बळतेबद्दल खडसावलेच ना? खडसावले, हे खरे. परंतु त्या दोन श्लोकांच्या कानउघाडणीने अर्जुन उठला नाही. आपणास मार्ग सुचत नाही असे पुन्हा सांगून, शरण येऊन तो विचारू लागला, तेव्हाच खरा उपदेश सुरू झाला, आणि तो अठराव्या अध्यायापर्यंत, मध्ये मध्ये अर्जुनाचे प्रश्न घेत घेत चालला. आपल्यापैकी कित्येक वडीलधारी मात्र त्या दोन श्लोकांवरच थांबतात. ‘असा काय धीर सोडतोस!’ असे म्हटले की आपले कर्तव्य संपले असे त्यांस वाटते.

दुसरा आक्षेप श्रद्धाळू मंडळींचा. देवावर भार टाकला असता समुपदेशक कशाला, मनोविकारतज्ज्ञ कशाला, असे ते विचारतात. पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. याचे उत्तर आपल्याच जुन्या शास्त्रात आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: मंत्र, होम, उपवास इत्यादींची दैवव्यपाश्रय; आहार व औषध यांची युक्तिव्यपाश्रय; आणि अहितकर विषयांपासून मन आवरण्याची सत्त्वावजय. मनाच्या उपचारास तेथे स्वतंत्र नाव आहे, आणि ते औषध व उपासना यांच्या पंक्तीस बसविले आहे.

काही वर्षांपूर्वी एक माता आमच्या वडिलांकडे मुलाची पत्रिका घेऊन आली. मुलगा दूरच्या शहरात अभियांत्रिकी शिकत होता. दोन विषय राहिले होते, दूरध्वनीवर दोन शब्दांपलीकडे बोलत नसे, खानावळीत जाणेही सोडल्याचे सोबत्यांकडून कळले होते. ग्रहाची शांत करावी काय, असे ती विचारीत होती. वडिलांनी अभिषेकाचा दिवस ठरवून दिला आणि त्याच बैठकीत सांगितले, “ताई, देवाचे आम्ही पाहू. तुम्ही मात्र आज रात्रीच्या गाडीने निघा. मुलाकडे गेल्यावर अभ्यासाचे काही विचारू नका, त्याच्याजवळ बसा.” ती गेली. दोन दिवसांनी मुलगा बोलला. तेथील समुपदेशकाने त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे धाडले, औषध सुरू झाले, आणि ते वर्ष सोडून मुलगा घरी आला. नातेवाईक हळहळले की, वर्ष वाया गेले. आमचे वडील एवढेच म्हणाले की, वर्ष गेले, पण मुलगा राहिला.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण, कारण तो खोटा नाही. लोक काय म्हणतील? उद्या सोयरीक कशी जुळेल? विशेषतः मुलीच्या बाबतीत हे भय आईबापांचे तोंड बंद करते. परंतु वाचकहो, हे ‘लोक’ कोण? सोयरिकीच्या वेळी कुजबूज करणारे, आणि आपली मुले वसतिगृहात पाठवून रात्री काळजीने जागणारे, हे निरनिराळे लोक नव्हेत. जे भय आपण भोगतो ते आपणच निर्माण केलेले आहे. ज्याने मधुमेहाचे औषध घेतले त्यास आपण नावे ठेवीत नाही. मनाचे औषध घेणाऱ्यासही ठेवणार नाही, एवढा निश्चय सभासद कुटुंबांनी केला, तरी निम्मे ओझे उतरेल. कायद्याने हे पाऊल आपल्या आधी टाकले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला व २०१८ च्या मे महिन्यापासून अमलात आला. मनाच्या आजारास शरीराच्या आजारासारखेच वागवावे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणून अठरा वर्षांवरील विद्यार्थी समुपदेशकाशी काय बोलला, हे सामान्यतः आईबापांसही सांगितले जात नाही. जीवास धोका असेल तर मात्र तो टाळण्यापुरते सांगता येते. पुष्कळ पालकांस याचा राग येतो. परंतु मूर्तीपुढे हात जोडून मनुष्य जे बोलतो, ते सभामंडपात कोणी विचारीत नाही. म्हणून तर तो तेथे मन मोकळे करू शकतो.

साहाय्य मिळते कोठे, हेही प्रत्येक घरास ठाऊक असावे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी असा आदेश दिला की, ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा अधिक विद्यार्थी आहेत तिने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. प्रवेश घेताना आपण वसतिगृहाची खोली पाहतो, खानावळ पाहतो. त्याच फेरीत समुपदेशक कोण व ते कोठे बसतात, हेही विचारून ठेवावे. दुसरे साधन टेलिमानस हे होय. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत बोलता येते, आणि मराठीतूनही बोलण्याची सोय आहे. परक्या भाषेत उत्तरपत्रिका लिहिता येते, परंतु मनाची घालमेल सांगावयास पुष्कळदा आपलीच भाषा लागते. सीमाभागातील मुलांस हे निराळे सांगावयास नको. उपचाराची गरज पडल्यास आपल्या भागास धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे.

परंतु क्रमांक भिंतीवर लावला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. सांगण्याचे धैर्य मुलाने दाखवावे असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकण्याचे धैर्य आपल्यात आहे काय, हा खरा नैतिक प्रश्न आहे. ऐकताना मध्येच उपदेश करू नये, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये, खर्चाचा हिशेब काढू नये. मूल फारच खचले आहे, जगण्याविषयीच निराशेने बोलत आहे असे दिसले, तर ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे स्पष्ट शब्दांत विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारणारे कोणी आहे एवढ्यानेच बोलण्यास वाट मिळते. उत्तर ‘होय’ असे आले तर त्यास एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

म्हणून आमचे मत असे की, मनाचे दुखणे गिळण्यात पुरुषार्थ नाही; ते सांगणे हे विद्यार्थ्याचे आपल्या जीवाप्रति असलेले कर्तव्य होय. मात्र ते कर्तव्य त्याच्याकडून मागण्याचा अधिकार जो शांतपणे ऐकून घेईल त्यालाच आहे. चतुर्थीस मुले सुट्टीवर घरी येतील. तेव्हा आरती आटोपल्यावर, गुणपत्रिकेची चौकशी करण्यापूर्वी, झोप लागते का, जेवण जाते का, तेथे जिवाभावाचे कोणी आहे का, एवढे तीन प्रश्न प्रत्येक घरी विचारले जावेत, आणि उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याने स्तब्ध बसावे, अशी सर्व सभासद कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे.